ताशाचं बेट

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मी भूगोलात शिकलो नाही. ते अब्बांच्या तोंडून ऐकलं. अब्बा मराठी शाळेत मास्तर होते आणि क्रिकेट हा त्यांचा एकमेव शौक. १९७१ ची गोष्ट ते आम्हा भावंडांना कितीतरी वेळा सांगत. अजित वाडेकर कप्तान, दिलीप सरदेसाईंचं शतक, सुनील गावसकर नावाच्या पोराची पहिलीच कसोटी, आणि भारतानं वेस्ट इंडीजला आयुष्यात पहिल्यांदा हरवलं ते पोर्ट ऑफ स्पेनला. त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत गावसकरनं १२४ आणि २२० काढले, आणि तिथल्या एका शाहिरानं गावसकरवर गाणंही रचलं. हे शेवटचं सांगताना अब्बांचा चेहरा फुलून यायचा. धावा काय, कुणीही काढील. पण परक्या मुलखातल्या कवीनं आपल्या माणसावर गाणं करावं!

मी मात्र बरीच वर्षं समजत होतो की पोर्ट ऑफ स्पेन स्पेनमध्ये आहे. पुढं ॲटलास हाती आला तेव्हा कळलं, की स्पेन अटलांटिक महासागराच्या एका काठाला आणि त्याचं हे ‘बंदर’ पार दुसऱ्या काठाला, दक्षिण अमेरिकेला जवळजवळ चिकटलेल्या त्रिनिदाद बेटावर. मग त्या बेटाच्या नकाशावर बोट फिरवायची सवयच लागली. आज जे सांगणार आहे ते त्या सवयीतून आलेलं आहे.

बेट तसं लहान. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडं लहानच म्हणा. व्हेनेझुएलाचा किनारा सगळ्यात जवळच्या जागी जेमतेम अकरा किलोमीटरवर. पण नकाशावरची गावांची नावं वाचत गेलं की चक्रावून जायला होतं. अरिमा, तुनापुना, चगुआनास, ग्वायाग्वायारे ही नावं मूळ रहिवाशांची. सान फर्नांडो स्पॅनिश. ब्लांशिसूज फ्रेंच, त्याचा अर्थ धोबीण. प्रिन्सेस टाउन इंग्रज. आणि मधेच फैजाबाद, बराकपूर! ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी नावं ठेवली हे समजू शकतं. पण फैजाबाद आणि बराकपूर ही नावं आली त्यांच्यामागं तर ज्यांच्याकडं साधा पासही नव्हता अशी माणसं आहेत. ती कहाणी पुढं येईलच.

दक्षिणेकडे एक जागा आहे, तिचं नाव बनवारी ट्रेस. ट्रेस म्हणजे तिथल्या बोलीत आडरस्ता. बनवारी हे नाव आपल्या ओळखीचंच. या आडरस्त्यालगत शिंपल्यांच्या एका जुन्या ढिगाऱ्यात १९६९ साली एक माणूस सापडला. म्हणजे त्याचा सांगाडा. डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन निजलेला. डोक्याशी एक गोल गोटा आणि कमरेपाशी सुईसारखी टोकदार वस्तू. जाणकारांच्या मते हे दफन सुमारे ५,४०० वर्षांपूर्वीचं, आणि त्या जागेवरची वस्ती त्याहूनही जुनी, सात हजार वर्षांच्या आसपासची. त्या काळी हे लोक शिकार करत, मासे धरत, कंदमुळं खात. त्यांच्यानंतर दक्षिण अमेरिकेच्या नद्यांमधून होड्या हाकत आणखी लोक आले. ते मातीची भांडी घडवत, कसाव्हाची शेती करत. कसाव्हा म्हणजे ज्याच्यापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो कंद. लोकोनो, नेपुयो, कालिना, वाराओ, याओ अशा कितीतरी जमाती इथं राहत आणि समोरच्या मुलखाशी ये-जा करत. आपण पुस्तकात ‘रेड इंडियन’ असा एक शब्द वापरून या सगळ्यांना एका पोत्यात भरतो. वास्तविक त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, भांडणंही आपापली.

३१ जुलै १४९८. कोलंबसाची ही तिसरी सफर. पाणी संपत आलेलं. डोलकाठीवरच्या खलाशाला तीन शिखरं दिसली आणि कोलंबसानं बेटाला त्रिमूर्तीचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचं नाव दिलं: ला त्रिनिदाद. बेटाला आधीचं नाव होतंच, पण ते विचारलं कोणी?

नंतर जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हे कोलंबसानं स्वतःच आपल्या पत्रात लिहून ठेवलं आहे. चोवीस तरुणांनी भरलेली एक मोठी होडी जहाजांच्या दिशेनं आली. त्यांच्या डोक्यांना रंगीत, नक्षीदार सुती कापड बांधलेलं होतं. कोलंबसाला ते पाहून स्पेनमधल्या मुसलमानांच्या, मूर लोकांच्या फेट्याच्या कापडाची आठवण झाली. ग्रानाडाचं शेवटचं मुसलमान राज्य पडून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. माणूस नव्या मुलखात जातो तेव्हा डोळे जुनेच घेऊन जातो. होडी जवळ येईना आणि लांबही जाईना. दोन तास असेच गेले. तेव्हा कोलंबसानं युक्ती केली. जहाजाच्या मागल्या उंच भागावर एक लहान ढोल वाजवायला सांगितला आणि काही पोरांना नाचायला लावलं. ढोल ऐकून पाहुणे खूश होऊन जवळ येतील असा हिशेब. झालं उलटंच. ढोलाचा आवाज कानी पडताच त्या चोवीस जणांनी वल्ही टाकली, ढाली चढवल्या, धनुष्यं उचलली आणि बाण सोडायला सुरुवात केली. एकाचा नाचाचा ढोल तो दुसऱ्याचा युद्धाचा. कोलंबसानं वाजवणं थांबवलं आणि धनुर्धाऱ्यांना पुढं केलं. त्रिनिदादच्या भूमीवर युरोपची पहिली ओळख झाली ती अशी.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या बेटाकडं स्पेननं वसाहत म्हणून फारसं पाहिलं नाही; पाहिलं ते माणसांची खाण म्हणून. जवळच क्युबाग्वा बेटापाशी मोत्यांचे शिंपले सापडले होते आणि ते काढायला पाण्यात बुड्या मारणारे लोक हवे होते. स्पेनच्या राणीनं हुकूम काढला होता की नरमांसभक्षक ‘कारिब’ लोकांना गुलाम करायला हरकत नाही. मग काय, ज्यांना पकडायचं ते सगळेच कारिब ठरले. १५१६ च्या सुमारास हुआन बोनो नावाचा एक जण साठ-सत्तर माणसं घेऊन आला आणि म्हणाला, आम्ही तुमच्यात राहायला आलोत. लोकांनी विश्वास ठेवला. त्यांना मासे दिले, भाकरी दिली, त्यांच्यासाठी लाकडाचं आणि गवताचं मोठं घरही बांधून दिलं. घर पुरं होत आलं तेव्हा बोनोनं लोकांना आत बोलावलं, दारं अडवली, आणि तलवारी काढल्या. जे वाचले त्यांतले दीडशेहून जास्त बांधून पोर्तो रिकोला विकायला नेले. हे लिहून ठेवलं ते बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्यानं. त्यानं बोनोला गाठून जाब विचारला, तेव्हा बोनोनं कबूल केलं की आई-बापाची माया मला कुठं मिळाली असेल तर ती त्रिनिदादमध्येच. लास कासास आणखी एक गोष्ट नोंदवतो: बोनो या आडनावाचा अर्थ ‘चांगला’.

स्पेननं खरी वसाहत केली ती १५९२ मध्ये, सान होसे हे छोटं गाव वसवून. अंतोनिओ दे बेरिओ या म्हाताऱ्या सरदाराला सोन्याच्या एल डोराडो नगरीचा ध्यास होता आणि हे बेट म्हणजे त्या वाटेवरची धर्मशाळा. तीनच वर्षांनी तोच ध्यास घेऊन इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले आला. त्यानं ला ब्रेआच्या डांबराच्या तळ्यातलं डांबर आपल्या जहाजांच्या फटींत भरलं. हे तळं आजही आहे, सुमारे शंभर एकरांचं, वर माणूस चालू शकतो असं. मग रॅलेनं सान होसे जाळलं आणि बेरिओला कैद केलं. गावात त्याला पाच टोळीप्रमुख एकाच साखळीत जखडलेले सापडले. त्यांच्या उघड्या अंगावर डुकराची उकळती चरबी टाकून त्यांचे हाल केले होते, असं तो लिहितो. त्या पाचांची नावंही त्यानं दिली आहेत. रॅले काही दयेचा पुतळा नव्हता, त्याला स्पॅनिशांविरुद्ध स्थानिकांची मदत हवी होती. तरी नावं लिहिली, हे बरं केलं. या बेटाच्या जुन्या कागदांत मूळ लोकांची नावं फार थोडी सापडतात.

पुढची शंभर वर्षं मी भराभर सांगतो. जमिनी आणि त्यावरची माणसं स्पॅनिशांत वाटली गेली. नेपुयोंचा नायक ह्यारिमा डचांच्या साथीनं १६३७ मध्ये सान होसेवर चालून गेला. १६८७ मध्ये कापुचिन पंथाचे पाद्री आले आणि लोकांना रानातून आणून मिशनच्या वस्त्यांत ठेवू लागले. १ डिसेंबर १६९९ ला अरेना इथल्या वस्तीत लोक उठले. चर्च बांधायचं काम त्यांच्याकडून जबरीनं करून घेतलं जात होतं. त्यांनी पाद्र्यांना मारलं आणि भेटीला येत असलेल्या गव्हर्नरलाही वाटेत गाठलं. सूड भयंकर होता. पाठलाग झाला, कत्तल झाली, आणि सान होसेत बावीस जणांना फाशी दिलं.

यानंतर बेट ओस पडत गेलं. कोकोची बागायत रोगानं गेली, रोगराईनं माणसं गेली. स्पेनच्या राजाच्या लक्षात आलं की बेट आपलं आहे, पण त्यावर माणूसच नाही. म्हणून १७८३ मध्ये फर्मान निघालं: कॅथलिक असाल तर या, जमीन फुकट. गोऱ्या माणसाला माणशी तीसेक एकर, आणि तो जितके गुलाम आणील त्या प्रत्येकामागं त्याच्या निम्मी. मिश्र रक्ताच्या स्वतंत्र माणसालाही गोऱ्याच्या निम्मी. आसपासच्या बेटांवरचे फ्रेंच मळेवाले धावत आले. त्या सुमारास बेटावर गुलाम होते तीनशेच्या आसपास. १७९७ मध्ये ते दहा हजारांवर गेले, आणि मूळ रहिवासी हजारभर उरले. जमिनीच्या एका सवलतीनं चौदा वर्षांत हे केलं. राज्य स्पेनचं, बोली फ्रेंच आणि ऊस तोडणारे हात आफ्रिकेचे.

त्याच १७९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज आरमार आलं. स्पेनच्या आरमारप्रमुखानं आपली जहाजं आपणच जाळली आणि बेट जवळजवळ लढाईविना पडलं. पहिला इंग्रज गव्हर्नर पिक्टन इतका क्रूर होता की लुईसा काल्देरोन या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या छळाबद्दल त्याच्यावर १८०६ मध्ये लंडनला खटला चालला. व्ही. एस. नायपॉल याच बेटावर, चगुआनासला, १९३२ मध्ये जन्मले. एल डोराडोच्या वेडाच्या आणि पिक्टनच्या या दोन प्रकरणांवर त्यांनी १९६९ मध्ये इतिहासाचं अख्खं पुस्तक लिहिलं.

१ ऑगस्ट १८३४ ला इंग्रजी साम्राज्यात गुलामी कायद्यानं संपली. म्हणजे काय झालं? मालकांना नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारनं दोन कोटी पौंड मंजूर केले. गुलामांना छदामही नाही. उलट शेतावरच्यांना सांगितलं की आणखी सहा वर्षं ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मालकाकडं राबा. त्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये गव्हर्नरच्या कचेरीपुढं माणसं जमली आणि फ्रेंच बोलीत ओरडू लागली, सहा वर्षं नाहीत, सहा वर्षं नाहीत! सहाची चार झाली. १८३८ मध्ये खरी सुटका झाली आणि बहुतेकांनी शक्य तिथं मळ्याकडं पाठ फिरवली. कोण थांबेल?

आणि इथं आपली माणसं येतात.

‘फतल रझाक’ नावाचं जहाज १६ फेब्रुवारी १८४५ ला कोलकात्याहून निघालं. मूळ नाव फतह-अल-रज्जाक. रज्जाक म्हणजे अन्न देणारा, अल्लाचं एक नाव. हे सागवानी जहाज मुंबईच्या एका मुसलमान व्यापाऱ्याचं होतं असं सांगितलं जातं. १०३ दिवसांनी, ३० मे ला, सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन ते पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. १९१७ पर्यंत अशी सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं गेली. बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारची, काही मद्रासेकडची. हिंदू जास्त, मुसलमानही होते. अंगठा उठवलेल्या कराराला गिरमिट म्हणत. पाच वर्षं एकाच मळ्याला बांधून घ्यायचं. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर पास हवा. तो नसला तर तुरुंग. कामावर न जाणं हा फौजदारी गुन्हा. एका जहाजातून उतरलेले जन्मभर एकमेकांना जहाजी भाई म्हणत. त्यात कोण कुठल्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे हळूहळू पुसट झालं.

या गिरमिटाविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत एक आपला माणूस होता याचा अभिमान वाटतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ च्या मार्चमध्ये केंद्रीय कायदे कौन्सिलात ठराव मांडला की ही पद्धतच बंद करा. सरकारी मतांच्या जोरावर तो पाडला गेला. मजुरांची भरती थांबली ती १९१७ मध्ये, गोखले गेल्यावर दोन वर्षांनी.

आता ताशाकडं येतो.

ज्या गावात मी वाढलो ते कृष्णाकाठचं. मोहरमला आमच्याकडं ताबूत बसत, पंजे बसत, चोंगे होत. ताबुताला पहिला खांदा द्यायचा मान पाटलांचा. बायका दारातून ताबूत वाहणाऱ्यांच्या पायांवर घागरीनं पाणी घालत, त्यात हिंदू-मुसलमान कोण हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आणि ताशे. ताशाचं कातडं गारठलं की गल्लीच्या तोंडाशी कागद-काटक्यांचा जाळ करून ते शेकायचं, बोटानं टिचकी मारून बघायचं, मग गळ्यात. पोर म्हणून माझं काम जाळ विझू न देण्याचं.

त्रिनिदादमध्ये मोहरमला ‘होसे’ म्हणतात. हुसेन, हुसेन या हाकेचा तो झालेला शब्द. ताबुताला ताजा म्हणतात. आणि ताशाला? ताशाच. मातीची कढई, बकऱ्याचं कातडं, शेजारी शेकोटी. हे मी प्रथम एका माहितीपटात पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. सव्वाशेहून जास्त वर्षं, सात समुद्रांपलीकडं, तोच जाळ आणि तीच टिचकी.

मळ्यामळ्यांतून ताजे निघत आणि सान फर्नांडोच्या समुद्रात शिरवले जात. कोणाचा ताजा पुढं यावरून भांडणं होत, कधी डोकी फुटत. मानाची भांडणं आपल्याला नवी नाहीत. मिरवणुकीत हिंदू मोठ्या संख्येनं असत आणि आफ्रिकी वंशाचे लोकही ढोल वाजवत. गोऱ्या सरकारला हेच खुपत होतं. त्याआधी १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कॅनबुलेची मिरवणूक मोडायला पोलीस गेले आणि दंगल झाली होती. कॅनबुले म्हणजे जळता ऊस. उसाला लागलेली आग विझवायला गुलामांना मशाली आणि ढोलांसह हाकलत नेत. सुटका झाल्यावर त्यांच्या मुलाबाळांनी त्याच मशाली आणि तेच ढोल घेऊन कार्निव्हलमध्ये आपला सण केला. सरकारनं मग कायदे करून आधी मशालींवर आणि आफ्रिकी ढोलांवर बंधनं घातली. पाठोपाठ १८८४ मध्ये होसेचा नंबर लागला: मिरवणुका शहरांत आणायच्या नाहीत, हमरस्त्यावर आणायच्या नाहीत. सुखू नावाच्या माणसानं आणखी एकतीस जणांच्या सह्यांनिशी अर्ज केला की ही आमची परंपरा आहे, मोडू नका. हा सुखू हिंदू होता. अर्ज फेटाळला गेला.

३० ऑक्टोबर १८८४. दहावा मोहरम. लोकांनी ताजे उचलले आणि नेहमीच्या वाटेनं सान फर्नांडोकडं निघाले. बंदुका घेऊन शिपाई उभे होते. मॅजिस्ट्रेटनं जमावबंदीचा कायदा वाचून दाखवला. ताशांच्या गजरात तो किती जणांना ऐकू गेला असेल आणि त्यांतल्या किती जणांना कळला असेल! गोळीबार झाला, एकाच जागी नाही. मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. काही इतिहासकार बावीस सांगतात. जखमी शंभरावर. चौकशीला जमैकाचा गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आला. हा हिंदुस्थानात लष्करात मुरलेला माणूस. त्यानं पोलिसांना निर्दोष ठरवलं.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या बाराव्या-तेराव्या वर्षीचा एक मोहरम आठवला. त्या वर्षी आदेश आला की ताबुताचा रस्ता बदला, आणि एका गल्लीच्या तोंडाशी ताशे बंद ठेवा. कारण काय ते कोणीच नीट सांगितलं नाही. आमच्या ओसरीवर बैठक बसली. आजोबा गप्प होते. शेवटी म्हातारे पाटील म्हणाले, “चाचा, रस्ता बदला म्हणत्यात तर बदलू. पर पहिला खांदा माझाच.” आम्ही त्या गल्लीवरून गेलो तेव्हा फक्त पावलांचा आवाज येत होता. आमच्याकडं त्या दिवशी कुणाला खरचटलंही नाही, म्हणून दोन्ही गोष्टींची बरोबरी मी करणार नाही. पण गळ्यात ताशा अडकवलेला आणि हात खाली सोडलेला माझा चुलता मला अजून दिसतो.

त्रिनिदादमध्ये होसे थांबला नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आणि दक्षिणेला सेड्रोसला तो आजही होतो, आणि ताजा समुद्राला अर्पण केला जातो. ताशा तर मोहरमपुरता राहिलाच नाही. हिंदूंच्या लग्नात तो हवाच. कर्बलाच्या शोकाचं वाद्य वरातीत वाजावं, हे आमच्या काही मौलवींना रुचणार नाही. मला मात्र त्यात गैर वाटत नाही. आपल्याकडं तरी ताशा गणपतीपुढं वाजतोच की.

आणि ज्यांच्या ढोलांवर बंधनं आली ते आफ्रिकी लोक? त्यांनी बांबू तोडले. वेगवेगळ्या लांबीचे पोकळ बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. बांबू फुटत, म्हणून १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे आले, रंगाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बेटावर लष्करी तळ केला आणि तेलाची रिकामी पिंपं मुबलक झाली. या बेटाला तेलाचं वाण नव्हतंच. डांबराच्या तळ्याजवळ १८५७ मध्येच विहीर खणली होती. गरीब वस्त्यांतल्या पोरांनी, त्यात स्प्री सायमन आणि एली मॅनेट ही नावं घेतली जातात, पिंपाचं तोंड ठोकून खोलगट केलं आणि प्रत्येक खळग्यातून वेगळा सूर काढला. हे स्टीलपॅन. सुरुवातीला प्रतिष्ठित लोक त्याला गुंडांचं वाद्य म्हणत, पोलीस मागं लागत. १९५१ मध्ये याच पोरांतली अकरा जणं लंडनच्या महोत्सवात वाजवून आली. मग सूर बदलला. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य झालं.

मधल्या राजकारणावर वेगळं व्याख्यान होईल. १९३७ मध्ये फैजाबादच्या तेलकामगारांचा संप, १९४६ मध्ये सर्वांना मताचा अधिकार, आणि ३१ ऑगस्ट १९६२ ला स्वातंत्र्य. पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स स्वतः इतिहासकार होते, त्यांनी स्वातंत्र्याच्या वर्षीच देशाचा इतिहास लिहून छापला. शेजारचं टोबॅगो १८८९ पासून त्रिनिदादला जोडलं गेलं, त्याची कहाणी स्वतंत्र आहे. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे लोक प्रत्येकी एक तृतीयांशाच्या थोडे वर होते. निवडणुकीत ही वाटणी बोचते, हे लपवून उपयोग नाही.

आणि मूळ रहिवासी? ते संपले असं पुस्तकं सांगत राहिली. अरिमा गावात ‘सांता रोसा’ समाज म्हणून त्यांचे वंशज आहेत, दर ऑगस्टला उत्सव करतात. २०१३ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रेड हाउसची, म्हणजे तिथल्या संसदेच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती चालू असताना जमिनीखाली हाडं सापडली. माणसांची, आणि कोलंबसाच्या आधीपासूनची. ज्या जागी परक्यांनी कायदे केले, तिथंच पायाखाली हे लोक निजलेले होते. २०१९ मध्ये विधिपूर्वक त्यांचं पुन्हा दफन झालं. त्याआधी १३ ऑक्टोबर २०१७ ला, एकदाच, त्यांच्या नावानं देशभर सार्वजनिक सुट्टी दिली होती.

शेवटी एक चित्र सांगतो. १९६२ मध्ये देशाचं बोधचिन्ह ठरलं तेव्हा त्यात वरती दोन हमिंगबर्ड आणि खाली कोलंबसाची तीन जहाजं होती. २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की ती जहाजं काढणार, आणि २०२५ च्या जानेवारीत संसदेत तसं विधेयक मंजूर झालं. हमिंगबर्ड आहेत तिथंच आहेत. जहाजांच्या जागी आता सोनेरी स्टीलपॅन आहे, आणि त्यासोबत ते वाजवायच्या दोन काड्या.